रिलेचा नारळ

कातळवाडी, ता. मालवण
१० नोव्हेंबर २०२४

जानकी,

काल मोजणीचा माणूस वर सड्याच्या कातळपठारावर तुझ्या जागेत लाल रंगाचे दगड रोवून गेला, म्हणून लिहिते. तो खाली उतरायच्या आत वाडीत बातमी झाली की मिठबावकडचा कोणी हॉटेलवाला ती जागा घेणार. फोन तू उचलत नाहीस, आणि मला तरी रेंजसाठी पुलापर्यंत कोण नेणार? तेव्हा पत्र.

आधीच सांगून टाकते. विकू नकोस म्हणायला हे पत्र नाही. जागा तुझी आहे आणि धनेशला डोंबिवलीत घर घ्यायचे आहे, हे मला कळते. आपल्या टीव्ही रिलेची खोली मात्र नेमकी त्या जागेत. सत्यवानने तिथे पहिला बांबू उभा केला तेव्हा मालक आपले सासरे होते. मी म्हटले, कागद करू या. तर म्हणाले, "वाऱ्याक कसलो कागद?" त्यांच्यामागे जागा सत्यवानची झाली, त्याच्यामागे तुझी. तीस वर्षे रिले तिथे उभा आहे आणि तिघांपैकी एकानेही कधी विचारले नाही की तुम्ही कोण.

दगड मी स्वतः पाहिलेले नाहीत. गुडघ्यांनी गेल्या दिवाळीपासून सडा बंद केला आहे. आकांक्षा रोज वर जाते. ही दत्ताराम मेस्त्रीची मुलगी. आयटीआय करून आली आणि आता रिले तीच चालवते. ती म्हणाली, "बाई, दगड रिलेच्या खोलीच्या चारी बाजूंनी मारलेत, अगदी जवळ." म्हणजे आधी आमची खोलीच काढायची दिसते. तेही योग्यच. त्यामुळे मला तुझ्याकडून एकच हवे, खोली रिकामी करायची तारीख. डिसेंबरात गावपळण आहे, तीन दिवस सगळे गाव वेशीबाहेर, देवाचा कौल झाला. त्या वेळी रिले बंद करावाच लागतो. तो पुन्हा सुरू करायचा की तिथेच उतरवायला घ्यायचा, ते तुझ्या उत्तरावर.

दुसरी गोष्ट मागायची नाही, द्यायची आहे. आभार. मी ते तोंडाने नीट देऊ शकत नाही, हे तुला माहीत आहे. हे पत्र धनेशलाही वाचून दाखव. तो इथून गेला तेव्हा लहान होता, त्याला रिले म्हणजे बापाला घेऊन बसलेली एक खोली एवढेच आठवत असेल.

आपली वाडी खोलगटात. मागे सडा, पुढे माड आणि दर्या. दूरदर्शनचे चित्र सड्यावरून सरळ पुढे निघून जायचे, खाली उतरायचेच नाही. तोंडवलीत लोक मॅच बघायचे आणि आपण ती रेडिओवर ऐकायचो. सत्यवान सड्यावर अँटेना हातात धरून उभा राहायचा आणि तू मागच्या दारी उभी राहून वर ओरडायचीस, "इला! इला! हलू नकात! ...गेला!" त्या तुझ्या ओरडण्यावर रिलेची जागा ठरली. ही गोष्ट मंडळाच्या इतिवृत्तात नाही. तिथे 'तांत्रिक पाहणी' असे लिहिले आहे, ते मीच लिहिले.

मग मंडळ झाले, पोस्टात केबलची नोंदणी झाली, सड्यावर खोली आणि तिथून वाडीत तार. त्या खोलीच्या जोत्याला लागलेले पाणी तू डोक्यावरून वर नेलेस. कोणी नफा घ्यायचा नाही, दर घरातून वर्षाला एक माणूस कोयता घेऊन तार मोकळी करायला यायचा, आणि ज्याच्या घरी माणूस नाही त्याची तार शेजाऱ्याने मोकळी करायची. ही पद्धत अजून चालू आहे.

लोक म्हणतात, आता घरोघर छत्र्या झाल्या, रिले कशाला? छत्री रिचार्ज संपला की आंधळी होते. आणि छत्रीवर आपला फळा दिसत नाही. रिलेवर सरकारी चॅनेल आहेत आणि सगळ्यात शेवटी एक आपला. त्यावर दिवसातला बराच वेळ नुसता एक फळा असतो. दर्या खवळणार आहे, रेशन आले, दुपारची एसटी नाही, अमक्याकडे बारावे आहे. अक्षर माझे, वर नेऊन कॅमेऱ्यापुढे लावते आकांक्षा. शुद्धलेखनाची चूक राहिली तर आकांक्षाला पुन्हा वर पाठवून मी फळा बदलायला लावते. जत्रेत तिथेच दशावतार दिसतो. भाई तांडेल पक्षाघाताने खाटेवर पडला त्याला चार वर्षे झाली. गेल्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "बाई, माका आता देवळात नेवची गरज नाय. तुमी देऊळच माझ्या खाटीकडे हाडलास."

२०२१च्या वादळाआधी लाइट जाईपर्यंत फळ्यावर एकच ओळ ठेवली होती: 'होड्या वर ओढा.' आपल्या वाडीची एकही होडी गेली नाही. त्या सगळ्या होड्या तुझ्या जागेने वर ओढल्या असे मी म्हणते. तुला ते कोणी कळवले नसेल, म्हणून आज कळवते.

२००६च्या गावपळणीचे मी काढणार नव्हते, पण तू ह्या वाडीतून गेलीस ती त्यामुळे, आणि ते टाळून आभार मानणे खोटे होईल. तुझ्या घरातला टीव्ही चालू राहिला. गाव वेशीबाहेर, गावात दिवा लावायचा नाही, माणसाचा आवाज करायचा नाही, आणि ओहोळापलीकडून सगळ्यांनी ऐकले की रिकाम्या गावात एक बाई बातम्या देते आहे. मी तिथे नव्हते. आमचे हे ओरोसच्या दवाखान्यात होते, मी त्यांच्याजवळ. परत आले तेव्हा गावाने ठरवलेलेच होते की ज्याच्या घरातून आवाज आला त्याने देवापुढे नारळ ठेवावा. मला विचारले. मी म्हटले, नियम तो नियम, आम्हा हडकरांना वेगळा नाही. तू नारळ ठेवलास. त्यानंतर लोकांनी जी जीभ चालवली ती नियमात नव्हती. विहिरीवर "जानक्ये, आजच्यो बातम्यो काय गो?" आणि शाळेत धनेशला 'बातमीवालीचो झील'. पुढच्या जूनमध्ये तू मुलाला घेऊन भावाकडे गेलीस. सत्यवान आला नाही, रिले सोडून येत नाही म्हणाला. २०१७ साली तो गेल्यावर तू बारा दिवस आलीस आणि माझ्याशी पाच-सहा वाक्ये बोललीस. मी ती मोजली नाहीत, पण जास्त नव्हती.

तारीख कळव.

मथुरा


२१ नोव्हेंबर २०२४

जानकी,

तुझे उत्तर नाही. ते येईपर्यंत थांबणार होते, पण काल जे कळले ते पोटात घेऊन बसणे मला जमत नाही.

रविवारी तार मोकळी करायचा दिवस होता. सगळ्या घरांतून माणसे आली. तुला वाईट वाटेल म्हणून गाळत नाही, ती तुझ्याबद्दल काय बोलत होती ते लिहिते. वरच्या घरातली दीपिका तारेवरचा वेल तोडता तोडता म्हणाली, "कित्याक एवढी साफ करतास? बातमीवाली इकता जागा." कोणी म्हणाले, "तेव्हा गावपळण मोडल्यान, आता रिले मोडता." मी खाली सड्याच्या पहिल्या पायरीवर खुर्ची टाकून बसले होते. मी एवढेच म्हटले की ज्यांना जागा विकणाऱ्या बाईचे नाव घ्यायचे आहे त्यांनी आधी स्वतःच्या सातबाऱ्यावर एखादी सार्वजनिक तार नेऊन दाखवावी. मग सगळे काम करू लागले.

हे बोलणे पायरीलगतच्या भाईच्या अंगणात झाले. त्याची खाट पडवीत असते, त्याने सगळे ऐकले. काल त्याने सुनेकडून मला निरोप पाठवला, "बाईंक सांग, एकटीच ये."

गेले. मला म्हणाला, "बाई, माका शपथ आसा. पण शपथ घालणारी हय नाय, आणि ह्यां लोकांची तोंडा बंद होणत नाय. मी आता किती दिवस?"

मी म्हटले, "भाई, नाटक नको. काय ते सांग."

तो म्हणाला, "टीव्ही बोलूक लागलो तेव्हा मी ओहोळार सत्यवानाच्या बाजूक होतंय. लोक बोंबलतत, 'देवचार बातम्यो ऐकता! देवचार बातम्यो ऐकता!' पोरा रडतत. सत्यवानाचो रंग उडालो. तो पाण्यात उतारलो, पलीकडे जावक. जानकीन मागसून तेचो शर्ट धरल्यान. म्हणता, 'खंय जातास? तुमी गेलास तर सगळ्यांक समजतला. मगे रिले ऱ्हवचो नाय.' तो म्हणता, 'मगे काय करूया?' ती म्हणता, 'टीव्ही माझो आसा. माझो म्हणान मी सांगतंय.' आणि माझ्याकडे बघल्यान. म्हणता, 'भाई, तुमका माझ्या झिलाची शपथ.'"

एवढ्यावर तो थांबला. पुढचे मला त्याने सांगायची गरज नव्हती. तारेतून काही येत नसेल तर टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसतात, खरखर ऐकू येते. बाई बातम्या देत नाही. म्हणजे सड्यावर रिले चालू होता.

त्या वर्षी लोडशेडिंग होते. गाव निघायच्या वेळी लाइट नव्हती. सत्यवान वर गेला असेल, यंत्रे मुकी दिसली असतील, तो तसाच उतरला. मेन स्विच खाली ओढला नाही. तुझ्याही घरात तेच झाले. टीव्ही मुका होता, बटण तसेच राहिले. सांजेला लाइट आली आणि दोन्ही जागे झाले. त्यातला एक गावाला ऐकू आला. दुसऱ्याचे कोणाच्या डोक्यात आले नाही, कारण बहुतेकांना वाटायचे टीव्ही आपल्या आपण बोलतो.

मी ओरोसहून आल्यावर सत्यवानला विचारले होते, रिले बंद केला होतास ना? तो म्हणाला, "लाइट गेली होती, वयनी." मी ते हो असे धरले. तो खोटे बोलला नाही. मला आज त्याचा राग यायला हवा, पण त्या माणसाने पुढची अकरा वर्षे त्या खोलीत काढली, एकट्याने. आता मला कळते तो कसला मुक्काम होता.

आणि रिले का राहिला नसता, हे तुझ्याइतके मला माहीत आहे. सड्यावरून देवचाराची, गावाच्या अदृश्य राखणदाराची, वाट जाते, तिथे खांब नको, असे जुनी माणसे म्हणत होती. तेव्हा मी देवळात उभी राहून शब्द दिला होता की गावपळणीला रिले बंद राहील, आणि राहिला नाही तर गावाने तार कापावी. तो शब्द तू माझ्या मागे उभी राहून ऐकलास. ओहोळावर तुला तो आठवला. म्हणून एका घराची चूक, एक नारळ, एवढ्यावर तू ते प्रकरण आटपलेस.

मी दहा तारखेच्या पत्रात जागेबद्दल आभार मानले. ते आता फार थोडे वाटतात. जागा तर सासऱ्यांनी दिली, तुझ्याकडे ती चालत आली. पण विहिरीवरचे बोलणे तू स्वतः निवडून घेतलेस, आणि त्याच्यावर रिले अठरा वर्षे उभा राहिला. भाईच्या खाटेकडचे देऊळ त्याच्यावर उभे आहे. वर ओढलेल्या होड्या त्याच्यावर.

तू जागा खुशाल विक. कोणी काही बोलले तर मी आहे.

मथुरा


३ डिसेंबर २०२४

जानकी,

तुझे कार्ड काल मिळाले. अठरा वर्षांत पहिले अक्षर, आणि त्यात तू माझी भूमिती काढलीस.

'वयनी, भूमिती तुम्हीच शिकवायचात. रिलेसकट जागा विकायची असती तर दगड सगळ्या जागेच्या कडेला मारले असते. खोलीच्या भोवती कशाला मारीन?'

मी ते आकांक्षाला वाचायला दिले. ती इतकी हसली की तिला पायरीवर बसावे लागले. मग वर जाऊन आली. चार दगडांच्या आत खोली, खांब, आणि पायवाट उतरते तिथपर्यंतची पट्टी. बाहेर सगळे काजू. म्हणजे काजूचे तू विकणार आणि रिलेचे वेगळे काढून स्वतःकडे ठेवणार. हे तू मोजणी व्हायच्या आधी ठरवले होतेस, माझे पत्र मिळण्याच्याही आधी. आणि मी तुला खोली रिकामी करायची तारीख विचारत बसले. एवढी वर्षे पोरांना सांगत आले, आकृती नीट बघा, मग उत्तर लिहा.

खोली राहिली. मी चहा केला आणि साखर जरा जास्त घातली. माझ्याकडून तेवढाच समारंभ.

कार्डाच्या खालच्या ओळीबद्दल. 'भाईंनी सांगितले ते त्यांच्यापाशीच राहू दे. तुमचे दीर आता नाहीत.' जानकी, तुझी ही एक गोष्ट मी ऐकणार नाही. सत्यवानचे नाव गावात घेणार नाही, ते तुझे. पण देवळातला शब्द माझा होता. तो मोडला आणि मला पत्ताच नव्हता. पत्ता लागल्यावर गप्प राहणे म्हणजे तुझा नारळ दुसऱ्यांदा घेणे. म्हणून आज सकाळी गणपत गावकरांकडे गेले. देवळातले गाऱ्हाणे अजून तेच घालतात. वय झाले, पण आवाज तसाच.

सांगितले. ते पान जुळवत होते. मग म्हणाले, "बाई, ह्या तुमी माका कित्याक सांगतास? अठरा वर्सांत कोणाक काय झाला नाय. माड नारळ देतत, म्हशी दूध देतत."

"शब्द मी दिला होता, गणपतराव."

"तो देवाक दिल्यात. माका खंय दिल्यात?"

"म्हणूनच आले. देवाशी बोलायचे काम तुमच्याकडे आहे."

"आणि मी गावाक सांगलंय, आणि गाव म्हणालो, तार कापा. मगे?"

हे मला घरून निघतानाच सुचले होते. तू त्या एका गोष्टीसाठी वाडी सोडलीस, आणि जागा वाचल्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती पणाला लावायला आले होते. तरी म्हटले, "मग कापा. कापायच्या आधी फळ्यावर कारण मी लिहीन. ते सगळ्यांनी वाचावे, मग कोयता घ्यावा."

गणपतरावांनी पान तोंडात घातले आणि बराच वेळ चावले. मला वाटले झाले, हा माणूस आता 'बघूया' म्हणणार. तर म्हणाले, "मगे तो नारळ कोणाचो झालो?"

"कुठला?"

"जानकीन ठेवलो तो. चूक रिलेची. नारळ रिलेन ठेवूक होयो. तिचो आमी कसो घेतलो?" आणि एकदम माझ्यावरच डाफरले, "तुमी शाळेत एवढा शिकवलात, हिशोब तुमका कळणा नाय? परत देवक नको?"

हा विचार माझ्या मनात आला नव्हता. मी तुझ्या नावावरचा डाग पुसायला गेले होते, ते नारळ परत द्यायला निघाले.

तार कापायची की नाही ते मात्र ते एकट्याने ठरवणार नाहीत. गावपळणीहून परतल्यावर देवापुढे गाऱ्हाणे, मग कौल. तोवर रिले अधांतरी. गावपळण दहा तारखेला. तू येणार नाहीस हे कार्डावरून कळले. गुडघ्यांचे कारण दिलेस, ते मी तरी खोटे म्हणू शकत नाही. धनेशला पाठव. मेन स्विच हडकरांच्या हातून खाली गेला पाहिजे, ह्या वेळी लाइट असताना.

मथुरा


१४ डिसेंबर २०२४

जानकी,

हे पत्र धनेशच्या हाती देते आहे, म्हणून पोस्टाची घाई नाही. त्याने तुला फोनवर अर्धे सांगितले असेलच. तो सगळ्याच गोष्टी अर्ध्या सांगतो, बापासारखा. उरलेले मी लिहिते.

दहा तारखेला दुपारी तो आकांक्षाबरोबर सड्यावर गेला. लाइट होती, टीव्ही चालू होते, आणि वाडीतल्या प्रत्येक घरातून कोणीतरी मागच्या दारी येऊन वर बघत होते. त्याने स्विच खाली ओढला. वाडीभर आवाज एकदम गेला. मग देवळात ढोल वाजला आणि गाव निघाले. कोंबड्या टोपल्यांत, मांजरे पोत्यांत, आणि भाई तांडेल खुर्चीत. रापणीचे जाळे ओढणाऱ्या तीन जणांनी उचलला होता आणि तो त्यांना वाट दाखवत होता. "डावीकडे घे रे! माका ओहोळात घालतंस की काय? होडी अशी हाडतत?" खुर्चीचा चौथा पाय धनेशने धरला होता. भाईने त्याला विचारले, "तू कोणाचो रे?" तो म्हणाला, "सत्यवानाचो. जानकीचो."

माडाच्या झापांच्या राहुट्या त्याच जागी, ओहोळापलीकडे. पहिल्या सांजेला सगळे जेवायला बसले होते आणि समोर गाव काळोखात. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडले, "आज देवचाराक बातम्यो नाय रे!" सगळे हसले. धनेश ताटावरून उठला. मला वाटले हा आता एसटी पकडतो. पण गणपतराव उभे राहिले आणि तिथेच, हातात भाकरी घेऊन, गावाला सगळे सांगितले. रिलेचा स्विच वर राहिला होता. जानकीच्या टीव्हीत आवाज आला तो रिलेचा होता. तिने तो आपल्यावर घेतला, कारण तिला हा रिले राहायला हवा होता. सत्यवानचे नाव त्यांनी घेतले नाही आणि कोणी विचारले नाही. स्विच कोणाच्या हातात असायचा हे सगळ्यांना माहीत आहे, जानकी. अठरा वर्षांत प्रथम ह्या गावाने एखादी गोष्ट कळूनही बोलून दाखवली नाही.

थोड्या वेळाने दीपिका धनेशकडे आली आणि त्याच्या ताटात माशाची तुकडी घातली. "खा रे," म्हणाली. विहिरीवर सगळ्यात मोठा आवाज तिचाच असायचा. दुसरी तुकडी घातली. मग तिसरी. धनेश म्हणाला, "काकी, पुरे." ती म्हणाली, "गप खा. आवशीक सांग, दीपिकान वाढल्यान."

काल परतलो. देवळात सगळे गाव. मी मंडळाचा नारळ ठेवला. अध्यक्ष मी आहे, तो मीच ठेवायचा होता. गणपतरावांनी गाऱ्हाणे घातले. जमले तेवढे जसेच्या तसे लिहिते:

"बा देवा म्हाराजा! आज हयसर बारा-पाचाचो मेळो एकठय करून तुका सांगणा करतत, ता मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तुझ्या सड्यार ह्या लेकरांनी रिले उभो केलो. तेच्याकडसून गावपळणीक चूक झाली. ती आज कबूल करतत, ती पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि तेची शिक्षा एका लेकीन भोगल्यान, जिची चूक नाय. ती खंय पण आसांदे, तिचा आणि तिच्या झिलाचा बरा कर रे म्हाराजा!"

ह्याला जो होकार आला तो मोठा होता. मी मागे वळून बघितले नाही, पण बायकांचा आवाज पुरुषांपेक्षा वर होता.

मग कौल. रिले राहू दे असेल तर देवाच्या अंगावरचा उजवा कळा आधी पडायचा. गणपतरावांनी देवाला कळे लावले आणि आम्ही बघत बसलो. डावीकडचा एक थोडा हलला. मला ते बघवेना. मी विज्ञानाची पदवीधर, पाण्याने चिकटवलेल्या पाकळीपुढे जीव मुठीत धरून बसले होते. मग उजवा पडला. सरळ खाली. भाई खुर्चीतून ओरडला, "बघल्यात? तेका पण जत्रेचो दशावतार बघूचो आसा!"

धनेश आणि आकांक्षा वर गेले. आम्ही खाली आपापल्या घरी. टीव्ही लावून ठेवलेले, सगळीकडे मुंग्या. मी मागच्या दारी उभी राहिले, कारण तिथून सडा दिसतो. आधी काहीच नाही. मग वरच्या घरातून दीपिका ओरडली, "इला!" मग तिच्या खालच्या घरातून, "इला! इला!" मग पलीकडून. तू ओरडायचीस तसेच. ओरडणाऱ्या पोरींपैकी निम्म्यांनी तुला कधी ऐकलेले नाही. कुठून शिकल्या ते मला माहीत नाही.

मी ओरडले नाही. पण माझाही आला.

फळ्यावर पहिली ओळ मी आधीच लिहून ठेवली होती: 'रिले सुरू. जागा जानकी सत्यवान हडकर यांची. मंडळ आभारी आहे.' ती तीन दिवस राहील. आकांक्षा म्हणाली, "बाई, रेशनचे पण लिहायचे आहे." मी म्हटले, ते खाली, बारीक अक्षरात.

धनेशबरोबर काही वस्तू पाठवते. मी मंडळातली कुठलीच वस्तू नोंदीशिवाय हलू देत नाही, म्हणून नोंद सोबत. सही करून एक प्रत परत पाठव. आणि गुडघे बरे असले तर चैत्रात ये. सडा नको. पायरीपर्यंत पुरे. तिथे मी असते.

तुझी
मथुरा वयनी


कातळवाडी दूरदर्शन रिले मंडळ
सुपूर्द केलेल्या वस्तूंची नोंद
१४ डिसेंबर २०२४

रिलेच्या खोलीची दुसरी किल्ली. जागेच्या मालकाकडे असावी म्हणून. आजवर दिली गेली नव्हती.

पहिल्या अँटेनाचा अॅल्युमिनियमचा दांडा, वाकलेला. सत्यवान हडकर यांनी बांधलेल्या सुंभाच्या गाठीसकट. गाठ सोडलेली नाही.

एक नारळ, शेंडीसह. देवस्थानच्या माडाचा. गणपत गावकर यांनी स्वतः निवडला आणि हलवून पाहिला, पाणी आहे. सन २००६ मध्ये जानकी सत्यवान हडकर यांच्याकडून घेतलेल्या नारळाबद्दल, गावाकडून परत.

देणार: मथुरा हडकर, अध्यक्ष.
घेणार: धनेश सत्यवान हडकर, आईतर्फे.

शेरा: नारळ पुन्हा कुठल्याही देवापुढे ठेवू नये. माशाच्या कढीत घालावा.